माझी काठी अजून वाळतेय

आमच्या टर्कीपेन खोऱ्यात साठी ओलांडलेलं कुणीही रस्त्याने चालताना दिसलं, तर त्याच्या हातातली काठी माझ्या भावाने बनवलेली आहे असं डोळे मिटून सांगावं. काठीशिवाय लंगडणारं म्हातारं माणूस यंदापर्यंत एकच सापडायचं. तो माझा भाऊ. व्हर्लिन स्टिडम, वय शहात्तर. एक्केचाळिसाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत छत कोसळलं आणि डावा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून हा गडी चालतो की पडता पडता सावरतो, हे बघणाऱ्याला कळत नाही. पण काठी म्हणाल तर नाव काढू नका.

मी त्याची धाकटी बहीण, इनेझ. नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परत आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं मी विचारत आले, "तुझी काठी कुठाय?" आणि एकोणीस वर्षं तो शेडच्या आढ्याकडे बोट दाखवून म्हणत आला, "माझी अजून वाळतेय."

तिथे एक काठी होती हे खरं. हिकरीच्या चिवट लाकडाची, सरळसोट, मुठीपाशी आपसूक वाकलेली, दोरीने टांगलेली. लाकूड वाळायला जाडीच्या इंचाला एक वर्ष लागतं, हा नियम व्हर्लिनचाच. ती काठी सव्वा इंच जाड आहे. आता तुम्हीच काय ते समजून घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाकी कामात मात्र त्याला नावं ठेवायला जागा नाही, आणि मी शोधलेली नाही असंही नाही. जानेवारीत, झाडांचा रस खाली उतरलेला असतो तेव्हा, तो ओढ्याकाठच्या झाडीत घुसतो. त्याला वेलाने आवळलेली रोपटी हवी असतात. रानवेल कोवळ्या झाडाला विळखे घालतो, झाड जाड होत जातं, वेल आत रुततो, आणि दहा वर्षांनी वेल सोलून काढला की खाली पिळाची काठी तयार असते. "अर्धं काम वेलाने केलंय," तो म्हणतो, "मी फक्त मध्ये लुडबुड करतो." कापलेल्या टोकांना मेण लावायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही. मग आढ्याला टांगायचं. वाळताना वाकलं तर माझ्या चुलीवरची किटली पळवायची, तिच्या तोंडाला पत्र्याचा पाइप लावायचा, वाफेवर लाकूड मऊ करायचं आणि चांगल्या गुडघ्यावर दाबून सरळ करायचं. त्या दिवशी मला कॉफी मिळत नाही.

पण त्याची खरी करामत मापात आहे. "मापाला उभं राहिलेलं माणूस इंचभर खोटं बोलतं," असं तो म्हणतो. माप घ्यायचं म्हटलं की सगळे छाती काढून, लष्करात भरती व्हायला आल्यासारखे उभे राहतात. त्या मापाची काठी दिली तर घरी जाऊन ती लांब होते, कारण घरी माणूस आपल्या मूळ पोकाला परत जातो. म्हणून व्हर्लिन आल्या माणसाला आधी बसवतो. कॉफी, माझा सफरचंदाच्या थरांचा केक, हवापाणी, कुणाचा कुत्रा हरवला. तासाभराने पाहुणा कंटाळून, दमून, "निघतो" म्हणत उठला की हा ओरडतो, "हलू नकोस! आत्ता खरा उभा आहेस." आणि काठी उलटी धरून, मूठ जमिनीला टेकवून, मनगटाच्या घडीपाशी पेन्सिलीची खूण करतो. दुसरा नियम बुटांचा. ज्या बुटात चालता त्याच बुटात या. टाच अर्ध्या इंचाने बदलली तरी काठी बिघडते.

हे दोन नियम त्याने कधी मोडले नाहीत. यंदा त्यातला एक मोडला गेला, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून हे सगळं लिहितेय.

ओढ्यापलीकडे डेल्फिया फ्युगेट राहते. ब्याऐंशी वर्षांची, उंचीने एवढीशी, आणि जिभेने खोऱ्याच्या दोन्ही टोकांना पुरून उरणारी. तिचा नवरा होबर्ट सात वर्षांपूर्वी गेला. मार्चमध्ये ती कोंबड्यांना दाणे टाकताना पडली. खुबा मोडला नाही, पण दुखावला. डेटन शहरातून तिचा मुलगा गार्नेट गाडी हाणत आला. गार्नेट वाईट नाही. त्याच्या घरी खाली एक खोली आहे, जिना नाही, हिवाळ्यात चूल पेटवावी लागत नाही. फक्त तिथे डेल्फियाच्या ओळखीचं एकही झाड नाही.

तिच्या स्वयंपाकघरात त्यांची जुंपली तेव्हा मी घेवड्याचं कढण घेऊन गेले होते, आणि काढता पाय घेण्याइतकी मी सभ्य नाही.

"आई, पुन्हा पडलीस तर कुणाला कळणारही नाही."

"कोंबड्यांना कळेल."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. डेटनला जाऊन मी काय करू? खिडकीत बसून गाड्या मोजू?"

तासभर असंच चाललं. शेवटी गार्नेट म्हणाला, "बरं. मे महिन्याच्या शेवटी कबरींवर फुलं घालायचा दिवस आहे. त्या दिवशी तू वरच्या स्मशानापर्यंत आपल्या पायांनी चढून दाखव. कुणी हात धरायचा नाही, कुणी उचलायचं नाही. चढलीस तर मी डेटनचं नाव काढणार नाही. नाही चढलीस तर त्याच संध्याकाळी सामान बांधायचं."

"कढण साक्षीला आहे," डेल्फिया माझ्याकडे बघून म्हणाली.

आमच्याकडे सपाट जमीन मक्याला लागते, म्हणून मेलेली माणसं डोंगरावर. चढ असा की धडधाकट माणूसही मध्ये दोनदा थांबून देखावा बघितल्याचं सोंग करतं. डेल्फिया गेली तर ओढ्यापलीकडच्या धुराड्यातून सकाळी धूर निघणार नाही, आणि तो धूर बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती आमच्याकडे आली, होबर्टची लांब काठी घेऊन. डोंगरात औषधी मुळं खणायला जाताना होबर्ट ती वापरायचा. तीस वर्षांपूर्वी व्हर्लिननेच बनवलेली, पिळाची, साडेपाच फूट. होबर्ट ताडमाड होता, डेल्फिया त्याच्या कोपरापर्यंत यायची. काठीवर तिच्या डोळ्यांच्या जरा खाली एक जागा होती, वीतभर. होबर्टच्या हाताने तिथलं लाकूड झिजून खोलगट झालं होतं, काळंभोर आणि गुळगुळीत.

"ही माझ्या मापाची कर," ती म्हणाली.

"वरून कापतो."

"वरून नाही. तिथे त्याचा हात आहे."

"मग खालून कापतो. पण नुसत्या दांड्यावर तुझा भार पेलणार नाही. मनगट वळेल. चढायचं असेल तर तळवा टेकायला आडवी मूठ हवी."

"मूठ लाव. पण त्याच्या हाताची जागा टाकायची नाही."

"डेल्फिया, दोन्ही कसं जमेल?"

"ते तू बघ. तीस वर्षं फुशारक्या मारतोस."

मग नेहमीप्रमाणे कॉफी, केक, कुणाचा कुत्रा. मी केक कापत होते आणि माझी नजर तिच्या पायांकडे गेली. तिने चर्चचे बूट घातले होते, काळे, टाचांचे. कुणाच्या घरी जायचं तर आमच्याकडची बाई कोंबड्यांचे बूट घालून जात नाही, मग जीव जावो. पण रोज सकाळी मला ओढ्यापलीकडून दिसतं ना, ही बाई काय घालते ते! होबर्टचे जुने, सपाट टाचेचे कामाचे बूट, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. सात वर्षं तिने दुसरं काही घातलेलं नाही.

व्हर्लिनने विचारलं, "बूट रोजचेच ना?"

"नाही तर कुणाचे?" डेल्फिया म्हणाली.

आता मेलेल्या नवऱ्याचे बूट घालून फिरते, हे कुठली बाई परक्या पुरुषासमोर कबूल करेल? आणि बाईची लाज दुसरी बाई कशी उघडी पाडेल? मला माहीत होतं आणि मी केक कापत राहिले. व्हर्लिनने माप घेतलं, टाचांसकट.

त्यानंतर तीन दिवस तो ती काठी समोर ठेवून नुसता बसला. जेवणात लक्ष नाही. चौथ्या दिवशी उठला, करवत घेतली आणि होबर्टच्या हाताची ती वीतभर जागा काठीतून सरळ कापून काढली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"गप गं," तो म्हणाला. कापलेला तुकडा त्याने आडवा धरला. खालच्या दांड्याचं टोक निमुळतं केलं, तुकड्याला पोटातून भोक पाडलं, सरस लावून बसवला आणि आरपार लाकडी खुंटी ठोकली. आडवी मूठ झाली. दांडा इतक्या वर्षांत थोडा बाकला होता, तो किटलीच्या वाफेवर सरळ केला. जवसाचं तेल तीनदा चोळलं, खाली रबरी टोपी चढवली.

डेल्फिया आली, मुठीवर तळवा ठेवला. होबर्टची बोटं जिथे खोलगट झिजवून गेली होती तिथे तिची बोटं अलगद बसली. ती रडली, उघडउघड रडली, मीही रडले. व्हर्लिनने किटली चोळायला घेतली, जी आधीच स्वच्छ होती.

"घरी चालून बघ," तो म्हणाला.

पण आमच्याकडे नवी वस्तू त्या दिवसासाठी राखून ठेवतात. नवा झगा असो, नवी टोपी असो, कबरींच्या दिवशीच बाहेर निघते. डेल्फियाने काठी कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली आणि आल्या-गेल्याला दाखवली. वापरली नाही.

तो दिवस उजाडला. दोन दिवस पाऊस पडून गेला होता, चढ निसरडा झाला होता. खाली गाड्यांपाशी खोऱ्यातली सगळी माणसं जमली, कोंबडी, अंडी, मक्याचे ब्रेड यांचे डबे आणि कागदी फुलं घेऊन. व्हर्लिन नेहमीसारखा ट्रकच्या मागच्या फळीवर बसला. गेली सहा वर्षं तो वर आला नव्हता. आमचे आईवडील वर आहेत, पण त्यांची फुलं मी एकटीच नेते, आणि हा म्हणतो, "खालची वस्तू कुणी राखायला नको?" मी कधी खोलात शिरले नाही.

डेल्फिया होबर्टचे बूट घालून आली. त्या चिखलात चर्चच्या टाचा घालून कोण चढणार? माप टाचांसकट घेतलंय, हे मला तेव्हा आठवलं. शपथेवर सांगते, तेव्हाच आठवलं. पण ती निघालीच होती, आणि तिच्या एक पाऊल मागे गार्नेट, हात पाठीशी बांधून.

पहिला टप्पा बरा गेला. मग चढ उभा झाला. चढावर काठी वरच्या अंगाला टेकते, म्हणजे आधीच लांब असलेली काठी आणखी लांब. तिचा खांदा कानापर्यंत चढला. निम्म्यावर, जिथे पांढऱ्या फुलांचं झाड आहे, तिथे काठी घसरली. ती झाडाला धरून कशीबशी उभी राहिली. तोंड पांढरं. गार्नेटने हात पुढे केला.

"गार्नेट!" खालून आवाज आला. "हात मागे!"

व्हर्लिन ट्रकवरून उतरला होता. आणि मग तो चढला. चढला म्हणजे काय, रोपट्यांना धरून, चांगला पाय पुढे टाकून दुसरा ओढत, शेवटी शेवटी तर चक्क रांगत. मी "अरे, अरे" करत मागून. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा गुडघ्यापासून कोपरापर्यंत चिखल होता आणि श्वास भात्यासारखा.

त्याने पहिल्यांदा तिच्या पायांकडे बघितलं.

"हे कुणाचे?"

"होबर्टचे."

"रोज हेच?"

"सात वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं, पुरुषाला!" डेल्फिया म्हणाली. "तू नुसता बोलतोस की कापतोसही?"

व्हर्लिनने माझ्याकडे बघितलं. मी ढगांकडे बघितलं.

"काकांनी मदत केलेली चालणार नाही," गार्नेट चाचरत म्हणाला.

"मी तिचा हात धरलाय? मी काठीचा धरलाय. आणि ती धरून उभी आहे ते झाड. झाड माणसात मोजतात का डेटनला?"

व्हर्लिनने खिशातून चाकू काढला, त्यातली छोटी करवत उघडली. काठी उलटी करून तिच्या मनगटाशी लावली. या वेळी तिला बसवायची, बोलवायची गरज नव्हती. दमून ती जशी होती तशीच उभी होती. रबरी टोपी काढली, एक इंच कापला, टोपी परत चढवली. कापलेला तुकडा तिने एप्रनच्या खिशात टाकला. "जा आता," तो म्हणाला.

ती गेली. दहा पावलं, थांबली. दहा पावलं, थांबली. गार्नेट मागे, ओठ चावत. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं. त्याला ती जिंकायला नको होती, पण पडायलाही नको होती, बिचाऱ्याला. शेवटच्या दगडापाशी तिने काठी टेकवली, अंग वर घेतलं, आणि ती सपाटीवर होती. होबर्टच्या कबरीपाशी जाऊन तिने तो कापलेला इंचभर तुकडा दगडावर ठेवला. "घे, तुझा उरला," म्हणाली.

गार्नेटने डोळे पुसले. "आई, मी हरलो."

"मग डबे आण वर. भूक लागलीय."

चादरी अंथरल्या, डबे उघडले, सगळे बसले. व्हर्लिन तेवढा उभा होता. तो कसा वर आला ते मला माहीत नाही, माझं लक्ष तिच्याकडे होतं. होबर्टच्या दगडावर हात टेकून उभा, मान खाली, एक खांदा पडलेला, पाय अवघडलेला.

"बस की," मी म्हटलं.

"उभाच बरा." बसला तर उठता येणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि मलाही.

डेल्फिया उठली. एप्रनची एक दोरी तिने दातांनी तोडली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हलू नकोस, व्हर्लिन स्टिडम. आत्ता खरा उभा आहेस."

तो दचकला आणि सवयीने ताठ व्हायला गेला. पण ते त्याच्याच्याने झालं नाही. दोरीचं टोक त्याच्या मनगटाच्या घडीला लावून तिने गार्नेटला दुसरं टोक जमिनीला टेकवायला सांगितलं.

"डेल्फिया, माझी अजून..."

"बूट रोजचेच ना?"

सगळा डोंगर हसला. होबर्टसुद्धा हसला असेल. व्हर्लिन हसला नाही. त्याने पलीकडे बघितलं, आईबाबांच्या दगडांकडे. "सहा वर्षं झाली, इनेझ," तो मला म्हणाला. "मला वाटायचं, काठी घेतली की संपलं. काठी घेतली नाही म्हणून इथे आलो नाही." एवढं बोलून त्याने नाक शिंकरलं आणि अंडं मागितलं.

डेल्फियाने मापाच्या जागी दोरीला गाठ मारली आणि माझ्याकडे दिली. उतरताना तो गार्नेट आणि माझ्या मधोमध होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझा खांदा धरला. जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे धूर निघाला. मी कॉफी ठेवली, आणि शेडमधून हाक आली.

"इनेझ, ती काठी जरा खाली काढ. माझा हात पोचत नाही."

मी स्टुलावर चढून ती सोडवली. त्याने एकोणीस वर्षांची धूळ बाहीने पुसली, काठी नाकाशी धरली, बोटाच्या पेराने दोनदा वाजवली.

"वाळली वाटतं," तो म्हणाला.

माझ्या जिभेवर निदान शंभर टोमणे तयार होते. मी एकही मारला नाही. खिशातून दोरी काढून त्याच्या हातात दिली.